आपलं बीपीएल नाई लागलं

महिन्याची पंचवीस तारीख उलटली की आमच्या टीममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. "यार, मी सध्या बीपीएल आहे, चहाचे तू दे." बोलणाऱ्याच्या हातात माझ्या बाबांच्या सहा महिन्यांच्या कमाईएवढा फोन असतो. त्यात दुष्टपणा काही नसतो. सगळे हसतात, मीही हसतो आणि चहाचे पैसे देतो.

मागच्या वर्षी एका शिष्यवृत्तीच्या पोर्टलचं काम माझ्याकडे आलं. अर्जात एक रकाना होता: बीपीएल, हो किंवा नाही. कोडमध्ये त्याला मी 'इज बीपीएल' असं नाव दिलं आणि सुरुवातीची किंमत 'फॉल्स' ठेवली. एका ओळीचं काम. पण ती ओळ लिहून झाल्यावर मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. आमच्या घरात हा रकाना पंधरा-वीस वर्षं 'फॉल्स'च राहिला आणि तो 'ट्रू' व्हावा म्हणून बाबांनी किती चकरा मारल्या, ते मला माहीत आहे.

मी धारणीचा. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हरिसाल पार केलं की पुढे येतं ते. अमरावती जिल्ह्याचं शेवटचं टोक, पलीकडे मध्य प्रदेश. गावात मराठी, हिंदी आणि कोरकू अशा तिन्ही भाषा चालतात. आमचं शिवणकामाचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. बाजाराच्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरून आलेली माणसं ओट्यावर टेकायची आणि आपसात कोरकूत बोलायची. मला कोरकू फारशी येत नाही. ती मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. पण त्या बोलण्यात एक शब्द दर दोन मिनिटांनी मला कळायचा. बीपीएल. हिंदी बोलणारा ट्रकवाला विचारायचा, "बीपीएल में नाम है क्या?" आणि आमच्याकडे म्हणायचे, "त्याचं बीपीएल कटलं."

या शब्दाचं मराठीतलं व्याकरण बघण्यासारखं आहे. नोकरी लागते, नंबर लागतो, तसं बीपीएल 'लागतं'. दाखला काढतात तसं बीपीएल 'काढतात'. माणूस बीपीएलमध्ये 'बसतो' किंवा 'बसत नाही'. आणि नाव उडालं की ते 'कटतं'. गरीब या शब्दाबरोबर यातलं एकही क्रियापद चालत नाही. गरिबी लागत नाही, काढता येत नाही, आणि कटत तर नाहीच नाही.

गरीब हा शब्दही मुळात आपला नाही. तो अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. अरबीत त्याचा अर्थ परका, घरापासून लांब आलेला. मराठीत येऊन तो इतका मुरला की त्याला स्वभावही चिकटला. 'पोट्टं गरीब हाये' म्हणजे पैसे नाहीत असं नाही, पोरगं भांडखोर नाही. गाय गरीब असते. गोरगरीब म्हणताना त्यात आपणही येतो. दरिद्री म्हटलं की मात्र शिवी होते, आणि कंगाल हा शब्द दुसऱ्याबद्दल बोलतानाच वापरतात. बाबांनी यातला एकही शब्द स्वतःसाठी कधी वापरला नाही. ते म्हणायचे, "आपलं बीपीएल नाई लागलं." लहानपणी मला वाटायचं, ही लॉटरीसारखी काहीतरी गोष्ट असणार.

आमच्या घरात गरिबाला इंग्रजीत काय म्हणतात, याचा एक शब्द त्याआधीही येऊन गेला होता. माझ्या आबाजींचा एका घराच्या जागेवरून दावा होता, अचलपूरच्या कोर्टात. १९७० च्या आसपासची गोष्ट. कोर्ट फी भरायला पैसे नव्हते. वकील म्हणाले, "पॉपर करून टाकू." आजी त्याला शेवटपर्यंत 'पापर' म्हणायची. "तुह्या आबाजीले कोर्टानं पापर केलं होतं," हे ती अशा आवाजात सांगायची की जणू सरपंच केलं होतं.

हा 'पॉपर' १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला. तिच्या ३३व्या आदेशाचं नावच मुळी पॉपरांचे दावे असं होतं. फी भरण्याची ऐपत नाही तो पॉपर. आणि जिथे फी ठरलेली नाही तिथे, अंगावरचे जरुरीचे कपडे आणि ज्यासाठी भांडण आहे ती वस्तू सोडून, ज्याच्याकडे शंभर रुपयांचीही मालमत्ता नाही तो. १९७६ च्या दुरुस्तीत हा शब्द काढून 'इंडिजंट पर्सन' आणला. शंभराचे हजार झाले. आणि मोजायचं काय, यात मोठा फरक पडला: डिक्रीतही जी मालमत्ता जप्त करता येत नाही ती हिशेबातून वगळली. त्या न जप्त होणाऱ्या वस्तूंची यादी संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं. म्हणजे शिलाई मशीन. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तिच्याबद्दल आदर वाटला, हे कबूल करतो. कायदा वाचून असं व्हायची माझी पहिलीच वेळ.

वकील मंडळी मात्र अजूनही पॉपरच म्हणतात. या शब्दाला मागे फार मोठा आणि वाईट इतिहास आहे. इंग्लंडमध्ये गावाच्या पैशावर जगणाऱ्याला पॉपर म्हणत, आणि १६९७ च्या कायद्याने अशा प्रत्येकाला, त्याच्या बायकापोरांसकट, उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडात कापलेलं 'पी' हे अक्षर आणि त्यापुढे आपल्या पॅरिशचं आद्याक्षर लावणं सक्तीचं केलं. बिल्ला लावायला नकार दिला तर मदत बंद, किंवा फटके आणि सक्तमजुरी. १८१० मध्ये ते कलम रद्द झालं. शिंप्याच्या पोराला इथे एकच प्रश्न पडतो, की ती अक्षरं कापून शिवून कुणी दिली असतील. २०१७ मध्ये राजस्थानात, दौसा जिल्ह्यात, रेशनचं धान्य घेणाऱ्यांच्या घरांवर 'आम्ही गरीब आहोत' अशा अर्थाचा मजकूर रंगवला गेला, तेव्हा बातम्यांतले फोटो बघून मला तो बिल्ला आठवला. भिंतीवर लिहायला जागा जास्त असते, एवढाच फरक.

असो. बीपीएलकडे येतो.

खाली कोण आहे हे ठरवण्यासाठी आधी रेषा लागते. ती ओढायचं काम आपल्याकडे बऱ्याच अंशी मुंबई-पुण्यात झालं. दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये मुंबईत भारताच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. माणसाला नुसतं जगायला किती लागतं, हे काढताना त्यांनी परदेशी नेल्या जाणाऱ्या कुलींना जहाजावर मिळणारा शिधा आणि तुरुंगातल्या कैद्यांचा खर्च हिशेबात धरला. १८६७-६८ च्या भावाने वर्षाला माणशी १६ ते ३५ रुपये असं उत्तर आलं. त्यांना दाखवायचं होतं ते असं, की सामान्य रयतेला कैद्याएवढंही मिळत नाही. त्यांचं बोट सरकारकडे होतं.

पुढे शंभर वर्षांनी, १९७१ मध्ये, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास आला. दिवसाला माणशी २,२५० कॅलरी हे माप. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. 'गरिबी हटाव'चं तेच वर्ष. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या गटाने खेड्यासाठी २,४००, शहरासाठी २,१०० कॅलरी धरल्या. नंतर लकडावाला, मग सुरेश तेंडुलकर, मग रंगराजन. रेषा पुन:पुन्हा ओढली गेली. २०११ मध्ये नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात शहरात दिवसाला ३२ आणि खेड्यात २६ रुपये हा आकडा दिला तेव्हा देशभर त्याची टिंगल झाली.

पण दांडेकर-रथ काय किंवा तेंडुलकर काय, या सगळ्या मोजणीत एक गोष्ट समान आहे. ती नमुना पाहणीवर चालते. देशात गरीब किती, हे ती सांगते. गरीब कोण, हे सांगत नाही. त्या आकड्याला नाव नसतं, घर क्रमांक नसतो. ज्या दिवशी सरकारला नावं हवीशी झाली त्या दिवशी ही रेषा आमच्या ओट्यापर्यंत आली.

तो दिवस साधारण जून १९९७ चा म्हणावा लागेल. तोवर रेशन जवळपास सगळ्यांना होतं. तेव्हापासून रेशनकार्डांचे दोन भाग झाले, रेषेखालचे आणि रेषेवरचे. यादी कागदोपत्री आधीपासून होती. ग्रामविकासाच्या योजनांसाठी १९९२ आणि १९९७ मध्ये कुटुंबांचं सर्वेक्षण झालं होतं. आता तिला धान्य जोडलं गेलं. सरकारी मराठीत शब्द होता 'दारिद्र्यरेषेखालील'. तो कुणाच्या तोंडात बसणार? दुकानदार, ग्रामसेवक, बँकेतला कारकून, सगळ्यांनी तीन इंग्रजी अक्षरं उचलली. तेव्हा ती अक्षरं गावाला ओळखीची होतीच. बीपीएल नावाच्या कंपनीचा रंगीत टीव्ही ज्याच्या घरी असे, त्याच्याकडे मॅच बघायला गर्दी व्हायची. काही वर्षं एकाच गल्लीत दोन प्रकारची बीपीएल घरं होती.

१ मे १९९९ पासून महाराष्ट्राने तिरंगी शिधापत्रिका आणल्या. वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, त्याच्यावर पांढरी. आमचं केशरी झालं. पिवळ्यासाठी बाबांनी केलेल्या अर्जाचं पुढे काय झालं, ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

आणि मग २००२ चं सर्वेक्षण. धारणी तेव्हा ग्रामपंचायत होती. मी पाच वर्षांचा होतो, त्यामुळे हे आईकडून ऐकलेलं. लग्नसराई होती. एक मास्तर कागद घेऊन आले, चांगला माणूस, पाणी मागून प्यायले. त्यांनी दारातूनच आत नजर टाकली. दोरीवर आणि भिंतीच्या खिळ्यांना सगळीकडे कपडे. शर्ट, सफारी, ब्लाउज, नवरदेवाचा एक कोट. आई म्हणाली, "हे गिऱ्हाइकाचे हायेत जी." मास्तर "हो हो" म्हणाले आणि लिहीत राहिले.

त्या कागदावर काय होतं ते मी नोकरीला लागल्यावर शोधून वाचलं. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. जितके गुण कमी तितकं कुटुंब गरीब. तिसरा प्रश्न कपड्यांचा. घरात माणशी सरासरी किती कपडे? दोनपेक्षा कमी असतील तर शून्य, दहा किंवा जास्त असतील तर चार. दुसऱ्यांचे कपडे शिवून जगणाऱ्या माणसाच्या घरात हा प्रश्न कसा विचारायचा, याची सूचना त्यात नव्हती.

बाकीचे प्रश्नही एकदा नीट वाचण्यासारखे आहेत. वर्षाचा बराच काळ दिवसातून एकदाही पोटभर मिळत नसेल तर शून्य. दोन वेळा मिळतं पण अधूनमधून कमी पडतं, त्याला तीन. म्हणजे दोन वेळच्या जेवणाची अधूनमधून ओढाताण असणं हे जवळजवळ पैकीच्या पैकी. उघड्यावर जाणाऱ्यांना शून्य, घरचा संडास असेल तर चार. टीव्ही, पंखा, प्रेशर कुकर, रेडिओ यांतलं काय काय आहे? आमच्याकडे पंखा होता, कारण मे महिन्यात मशीनवर बसायचं तर घाम कापडावर पडतो. कुकर आईला माहेराहून मिळालेला. दोन वस्तू, दोन गुण. मजुराला शून्य, कारागिराला दोन. सावकाराकडून रोजच्या खर्चासाठी कर्ज असेल तर शून्य, फक्त बँकेचं असेल तर तीन. कलम ६० ज्या भांड्याकुंड्यांना हात लावत नाही, त्यांची इथे बेरीज होत होती.

ओट्यावर बसणाऱ्या कोरकू माणसांचे गुण वेगळ्या वाटेने वाढायचे. जमीन कोरडवाहू असली, उतारावरची, गोट्यांची असली, तरी हेक्टर वाढले की गुण वाढतात. आधीच्या योजनेतून पक्कं घरकुल मिळालं असेल तर घराच्या प्रश्नात तीन. मेळघाटातली बालमृत्यूंची बातमी १९९३ पासून देशभर गाजत होती, हायकोर्टात याचिका चालू होत्या, आणि इथे सरकारनेच बांधून दिलेल्या भिंतींमुळे एखादं कुटुंब कमी गरीब ठरू शकत होतं.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. किती गुणांच्या खालचे बीपीएल, हे आधी ठरलेलं नव्हतं. केंद्राच्या नमुना पाहणीतून राज्यात गरीब किती याचा अंदाज आलेला होता. राज्याने आपली गुणांची मर्यादा अशी ठरवायची की यादीतली संख्या त्या अंदाजाच्या आसपास बसावी. प्रोग्रामिंगमध्ये याला आम्ही उत्तर आधी लिहून मग टेस्ट पास करून घेणं म्हणतो, आणि ज्युनिअरने असं केलं तर त्याला बसवून समजावतो. दांडेकरांचा 'किती' आणि ग्रामसेवकाचा 'कोण' असे एकमेकांवर आदळले, आणि मधल्या फटीत जी घरं पडली त्यांत आमचं एक होतं. सुप्रीम कोर्टातल्या खटल्यामुळे ती यादी काही काळ अडकून पडली. लागली तेव्हा बाबा ग्रामपंचायतीच्या भिंतीसमोर उभे राहून पूर्ण वाचून आले. घरी येऊन मशीनवर बसले आणि ते वाक्य म्हणाले.

त्यानंतर धारणीत दोन बीपीएल झाले, हेही सांगायला हवं. पिवळं कार्ड हे एक, ग्रामपंचायतीच्या यादीतला नंबर हे दुसरं. धान्यासाठी पहिलं, घरकुलासाठी दुसरं. कुणाचं एक असायचं, कुणाचं दुसरं, आणि दोन्ही असणाऱ्याबद्दल लोक जरा असूयेने बोलायचे. "त्याले काय कमी हाये, त्याचं डबल बीपीएल हाये." गरिबी हे पद झालं होतं. आजी 'पापर' म्हणताना जो रुबाब आणायची तो मला तेव्हा कळला. कोर्टाने आबाजींचं म्हणणं ऐकून घेतलं होतं, सरकारी वकिलाला नोटीस देऊन खरं-खोटं केलं होतं, आणि मग मान्य केलं होतं की होय, या माणसाकडे नाही. बाबांचं कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं.

या सगळ्यात रोजगार हमी मला नेहमी वेगळी वाटते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली, १९७२ च्या दुष्काळात रुजलेली आणि १९७९ पासून कायदा म्हणून लागू झालेली. तिथे यादी नाही. काम मागायला आलास म्हणजे तुला गरज आहे. एका उन्हाळ्यात शिलाईचं काम आटलं तेव्हा आई रस्त्याच्या कामावर गेली होती. तिथे तिला कपडे किती, कुकर आहे का, हे कुणी विचारलं नाही. तिच्या हातात फावडं दिलं.

आता कायद्याने बीपीएल हा प्रकार रेशनमधून गेला आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला आणि कार्डं 'अंत्योदय' आणि 'प्राधान्य कुटुंब' अशी झाली. प्राधान्य कुटुंबावर शिक्का असतो 'पीएचएच'चा. २०१५ मध्ये अमरावती, अकोल्यासह १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य देण्याची योजना आली. त्यांचं नाव पडलं 'एपीएल शेतकरी'. रेषेच्या वरचे. कॉलेजात आम्ही 'ईबीसी' भरायचो, २०१९ पासून 'ईडब्ल्यूएस' आलं. अंगणवाडीत ताई दंडाला पट्टी लावते आणि साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आकडा आला की म्हणते, "हे सॅम हाये." मराठीत म्हणायचं झालं तर पोर उपाशी आहे म्हणावं लागलं असतं.

धारणीत बीपीएल हा शब्द मात्र कायद्याच्या मागे गेला नाही. पीएचएच वाल्यालाही लोक बीपीएलच म्हणतात. पोर्टलच्या मीटिंगमध्ये मी हे मांडलं, की हा रकाना जुना आहे, कुठलं बीपीएल विचारतोय ते लिहू या. उत्तर आलं की युजरना हाच शब्द कळतो. तेही खरंच होतं. रकाना राहिला. मी फक्त सुरुवातीची किंमत 'फॉल्स' होती ती काढून रिकामी ठेवली, म्हणजे अर्ज भरणाऱ्याने काहीतरी निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रिव्ह्यूमध्ये ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी दर महिन्याला घरी पैसे पाठवतो. दुकान चालूच आहे. बाबा आता शाळेचे गणवेश शिवतात, लग्नाचे कोट लोक तयार घेतात. गेल्या आठवड्यात फोनवर पावसाचं, तुरीचं बोलून झालं आणि मग ते म्हणाले, नगरपंचायतीत घरांचं काहीतरी नवं सर्वेक्षण होणार असं ऐकलं.

"बाबा, आता आपल्याले कायले पायजे?" मी म्हणालो.

"तसं नाई रे. फॉर्म निघाला तर सांगजो. यावेळी मी गिऱ्हाइकाचे कपडे आधीच बाजूले ठेवतो."

मी हो म्हणालो.